कुठली बस आपली?

कुएन्का, मंगळवार सकाळ

प्रिय नूबे,

हे पत्र घेऊन येणाऱ्या मुलीला आधी आत घे आणि काहीतरी खायला दे. ती नको म्हणेल. तिचं नको म्हणजे हो असतं, हे कळायला मला दोन महिने लागले. नाव इंग्रिड. फार उंच आहे, तुझ्या घराची चौकट कशी आहे ठाऊक नाही, पण आपल्या चौकटीनं तिच्या कपाळाला चार वेळा टेंगूळ आणलंय. जानेवारीपासून ती तुझ्या खोलीत राहतेय. फोनवर मी तुला सांगितलं होतं, 'नवी मुलगी आलीय, बरी आहे.' तेवढंच. आपण दोघी फोनवर तेवढंच बोलतो. हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, जेवलीस का. रविवारची वीस मिनिटं अशी संपतात आणि मग मी कितीतरी वेळ फोन हातात धरून बसते, काय बोलायचं राहिलं ते आठवत. म्हणून या खेपेला लिहायला बसलेय. शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढू नकोस. तुझे पपा असते तर त्यांनी काढल्या असत्या.

पपा गेल्यावर मेल्वा शेजारीण म्हणाली, 'सोइला, एवढ्या घरात एकटी भिंतींशी बोलायला लागशील. आपली भाषा शिकायला येणाऱ्या पोरी ठेव.' तेव्हापासून सहा वर्षांत अकरा जणी राहून गेल्या. सगळ्यांची तऱ्हा एकच. सोमवार ते गुरुवार वह्यांत डोकं, गुरुवारी संध्याकाळी नकाशात. त्यांच्या शाळेत एक फळा आहे, त्याच्यावर सहलींचे कागद लावलेले असतात. या शनिवारी तळ्यांवर, पुढच्या शनिवारी जुन्या अवशेषांकडे, त्याच्या पुढे जंगलात. नाव लिहायचं आणि शुक्रवारी पिशवी पाठीला लावून निघायचं. मी उकडलेली अंडी, चीज, पाव बांधून द्यायचे. रविवारी चिखलानं भरलेले बूट घेऊन परत यायच्या आणि ओट्याला टेकून सांगत बसायच्या, माकडानं कुणाचा चष्मा पळवला, ज्वालामुखीच्या तळ्याचं पाणी कसं हिरवं होतं. मी म्हणायचे, 'हो का? अगं बाई!' आपला देश त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलाय, नूबे. मी काय पाहिलं होतं? माझं माहेर, आणि अझोगेसचं ते ढगातल्या माउलीचं चर्च, जिच्यावरून तुझं नाव ठेवलं. एकसष्ट वर्षांत एवढंच.

इंग्रिडही तशीच जायची. पहिल्या शनिवारी तळ्यांवर गेली, दुसऱ्या शनिवारी गरम पाण्याच्या झऱ्यांवर. परत आली की अगदी रंगवून सांगायची. आपली भाषा तिला तेव्हा जेमतेम येत होती, त्यामुळे हातवारे करून. धबधबा दाखवताना तिनं माझी बरणी फोडली होती. मला तिचं एवढं कौतुक की मेल्वाला सांगत सुटायचे, 'माझी पोर बघ, एक शनिवार घरात बसत नाही.'

तिसऱ्या शनिवारी मी बाजाराला गेले होते. आठ-दहा किलो कांदे-बटाटे आणि पाय बांधलेली एक कोंबडी. कोंबडी पिशवीतून सारखी मान बाहेर काढत होती. येताना बसस्टँडवरून आले, तर आत बाकावर एक पिवळं डोकं सगळ्यांच्या वर. इंग्रिड. पाठपिशवी मांडीवर, आणि मी बांधून दिलेला पाव खात होती. आदल्या दिवशी संध्याकाळी निरोप घेऊन गेलेली पोर. मी खांबामागं उभी राहून बघत राहिले. एक बस लागली, सुटली. दुसरी लागली, सुटली. ही जागची हलली नाही. तिच्या वर्गातल्या सहा जणांचा एक कळप आहे, ते गाडी करून जातात, आणि त्या गाडीत सातवी जागा नव्हती. म्हणजे होती, पण हिला कुणी 'ये' म्हटलं नव्हतं. एकटीनं जायची भीती वाटत होती आणि घरी बसायची लाज, कारण मी एवढ्या हौसेनं डबा बांधते. म्हणून ती शुक्रवारी स्टँडसमोरच्या लॉजवर उतरायची, शनिवारभर बाकावर बसायची, आणि रविवारी बूट कारंज्याजवळच्या चिखलात बुडवून घरी यायची. हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा फक्त तिचा चेहरा दिसला. तो चेहरा मी ओळखला.

तू परदेशात गेलीस त्या पहिल्या वर्षी फोनवर सांगायचीस, खोली मोठी आहे आई, खिडकीतून झाड दिसतं, मालकीण प्रेमळ आहे. मी ते सगळं मेल्वाला सांगायचे. पुढं तीन वर्षांनी तिच्या भाच्याकडून, रोमुलोकडून कळलं की तुम्ही पाच जणी तळघरात राहत होतात आणि खिडकी नव्हतीच. झाड कुठून आणलंस गं? मी तुला कधी विचारलं नाही. त्या दिवशी बाकावरच्या पोरीकडं बघताना मला वाटलं, लांब गेलेली मुलं आपल्याला खोटं सांगतात ते आपल्यालाच सांभाळण्यासाठी.

तेव्हा मी तिला 'इथं काय करतेस' असं विचारलं नाही. तिच्या शेजारी जाऊन बसले, कोंबडी पायाशी ठेवली आणि विचारलं, 'कुठली बस आपली?' ती इतकी लाल झाली की मला वाटलं आता रडते. मग तिनं घाबरत घाबरत एका पाटीकडं बोट दाखवलं. हिरोनची बस. आम्ही चढलो. कंडक्टर म्हणाला, 'आजी, कोंबडीचं अर्धं तिकीट पडेल.' मी म्हटलं, 'ती खिडकीशी बसणार असेल तर पूर्ण दे.' सगळी बस हसली, आणि इंग्रिडला विनोद कळला नव्हता तरी तीही हसली. हिरोनला उतरून एका पिकअपच्या मागं उभं राहून वर गेलो, कांद्यांसकट, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा धबधबा पाहिला. इथून तासाभरावर होता, नूबे. तासाभरावर! तुझे पपा दर वर्षी म्हणायचे, जाऊ या एकदा. माझं नेहमी काहीतरी शिजत असायचं. तुषार अंगावर यायला लागले तशी ती पोर लहान मुलासारखी नाचायला लागली, आणि मी कोंबडी छातीशी धरून तिथंच उभी, गार पडलेली, आणि इतकी खूश की कुणाला सांगू. बाकावर बसल्याचं तिनं घरी आल्यावर मला स्वतःच सांगितलं, सूप पिता पिता, खाली बघून. मी म्हटलं, 'पुढच्या शनिवारी कुठं?'

असे आमचे शनिवार सुरू झाले. सारागुरोला गेलो, तिथं एका म्हातारीची गाय दूध देत नव्हती. इंग्रिडच्या वडिलांचा गोठा आहे, शंभरावर गाई. तिनं पिशवी ठेवली, बाह्या वर केल्या आणि बसली खाली. म्हातारी माझ्या कानात म्हणाली, 'ही तुझी सून का?' मी म्हटलं, 'मला मुलगा नाही.' ती म्हणाली, 'मग आण कुठूनतरी, अशी सून सोडू नकोस.' एकदा चुकीच्या बसमध्ये बसलो आणि भलत्याच गावी उतरलो, तिथं कुणाचंतरी लग्न होतं, आम्हाला जेवायला बसवलं. मी नाचले. गुडघ्यांचं तू फोनवर विचारतेस ना, ते त्या दिवशी अजिबात दुखले नाहीत.

मग कार्निव्हलची चार दिवसांची सुट्टी आली. तो सहा जणांचा कळप विमानानं बेटांवर निघाला. इंग्रिडनं तुझ्या खोलीतून नकाशा आणला, टेबलावर पसरला आणि म्हणाली, 'ममा सोइला, समुद्र.' तिच्या गावापासून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर आहे, तिनं नीट पाहिलेलाच नाही. मी म्हटलं नाही. कार्निव्हलला डुकराचं मांस घालून मक्याचं मोते कोण शिजवणार, मेल्वाकडं द्यायचं असतं, उकाडा सोसत नाही, मासे मला चालत नाहीत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, 'तुम्हाला भीती वाटते का? मला वाटते तशी?' आणि मला खोटं बोलता आलं नाही. मी नकाशावर एका गावावर बोट ठेवलं. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तुला ठाऊक आहे. सतरा वर्षं मी त्या बाजूच्या बातम्यासुद्धा लावलेल्या नाहीत.

डोंगर ओलांडताना धुकं होतं, मी स्वेटरावर शाल घेतली होती. मग बस उतरत गेली, कान गच्च झाले, आधी स्वेटर निघाला, मग शाल, खिडकीत केळीच्या बागा आल्या. तूही अशाच बसनं गेली असशील, हा विचार सारखा. तेव्हा तुझ्या अंगावर लाल स्वेटर होता. तो तू कुठं काढलास? वाटेत पोरं बसवर पाण्याचे फुगे फेकत होती, इंग्रिड खिडकीतून ओरडून त्यांना उत्तरं देत होती, आपल्या भाषेत, आपल्याच शिव्या. कुठून शिकली विचारलं तर म्हणाली, 'तुमच्याकडून, स्वयंपाकघरात.'

त्या गावात एका बाईकडं खोली मिळाली. फातिमा नाव, किनाऱ्यावरची असतात तशी, मोठ्या आवाजाची, मोठ्या हसण्याची. मला म्हणाली, 'डोंगरातल्या बाई, मोजे घालून वाळूत चालणार का?' घराच्या मागं तीन खोल्या, पत्र्याच्या, समुद्राकडं दार असलेल्या. सकाळी इंग्रिड पाण्यात गेली आणि मी फातिमाला केळी सोलायला मदत करत बसले. हात चालू असले की बोलणं सोपं जातं. मी विचारलं, या खोल्यांत पूर्वी कोण राहायचं. तिचे हात थांबले. माझ्याकडं तिनं नीट बघितलं आणि म्हणाली, 'तुमचं कोण गेलं?' मी म्हटलं, 'मुलगी. वीस वर्षांची. लाल स्वेटर होता.' ती म्हणाली, 'बाई, खोटं सांगून तुम्हाला बरं वाटेल, पण सांगणार नाही. नाही आठवत. फार जण आले. दोन-दोन, तीन-तीन दिवस रात्री चोरून सुटणाऱ्या बोटीची वाट बघत पडून असायचे. तुमच्याकडच्या पोरी उकाड्यातसुद्धा स्वेटर काढत नव्हत्या, त्यात काहीतरी शिवलेलं असायचं. रडायच्या सगळ्या. पण एक सांगते. मी रोज मोठं पातेलंभर भात आणि मासे करायचे. माझ्या दारातून कुणी उपाशी बोटीत चढलं नाही.'

ते ऐकलं आणि मला जे आलं ते रडणं होतं का काय, कळलं नाही. फातिमा घाबरली. इंग्रिड ओलीचिंब धावत आली. सतरा वर्षांत जे मी कन्फेशनमध्ये धड बोलले नव्हते, ते त्या दोघींसमोर बोलले, केळीच्या सालींच्या ढिगात बसून. तेच आता तुला लिहिते. तू निघालीस त्या सकाळी मी अंगणात धुणं धूत नव्हते, नूबे. आदल्या दिवशीच धुतलेले कपडे पुन्हा भिजवत बसले होते. तू स्वयंपाकघराच्या दारातून 'आई, निघते' म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा म्हणालीस तेही. मी नळ मोठा केला. मला वाटलं, मी वळले नाही तर तू जाणार नाहीस. मला वाटलं, आईनं तोंड फिरवलं तर मुलगी थांबते. आणि मी तुला काहीही बांधून दिलं नव्हतं. पाव नाही, अंडं नाही, काही नाही. पपांनी तुला बसवर सोडलं आणि परत येऊन नळ बंद केला. त्यानंतर मी अकरा परक्या पोरींना दर शनिवारचे डबे बांधले. माझ्या पोटच्या पोरीला त्या आठ दिवसांच्या बोटीवर एका अनोळखी बाईच्या भातावर पाठवलं. पपांच्या दफनाच्या दिवशी तू फोनच्या त्या छोट्या काचेतून बघत होतीस, तेव्हाही मला हेच म्हणायचं होतं, पण आजूबाजूला माणसं होती.

फातिमानं मला काही समजावलं नाही. उठली, भात टाकला, मासा तळला आणि ताट माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, 'खा. तिनं खाल्लं तेच आहे.' मी मासे खात नाही हे तुला ठाऊक आहे. मी सगळं खाल्लं. काटेसुद्धा चोखले. मग इंग्रिडनं माझे मोजे काढले आणि हात धरून मला पाण्यापर्यंत नेलं. पाणी कोमट होतं. मला वाटलं होतं थंड असेल. इतकी वर्षं तुझ्या त्या बोटीचा विचार करताना मी थंड पाणीच धरून चालले होते. परत आल्यावर इंग्रिडनं मला त्या गोष्टीबद्दल एकदाही विचारलं नाही. फक्त पुढच्या शनिवारपासून ती आमच्या दोघींचा डबा स्वतः बांधायला लागली. अंडी नेहमी कच्ची राहायची.

आता ती परवा, गुरुवारी निघते. तिला तुझ्या शहरात विमान बदलायचंय, मध्ये अख्खा दिवस आहे, म्हणून ती स्वतःहून म्हणाली, पत्र मी हातात देईन. पोस्टावर तिचा विश्वास नाही आणि माझा धीर टिकेल यावर मेल्वाचा नाही.

तर आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. नूबे, मला माहीत आहे की तुला तिथं राहायची, बाहेर जाऊन परत यायची कागदपत्रं मिळाली आहेत. दीड वर्ष झालं. नाताळात रोमुलो आला होता, त्यानं सहज फोनवर फोटो दाखवला, तू मैत्रिणींबरोबर कुठल्याशा बेटावर सुट्टीला गेली होतीस, गुडघाभर पाण्यात उभी, तोंडभर हसत. त्याला वाटलं मला ठाऊक असेल. मी म्हटलं, हो, ठाऊक आहे. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ती विमानात बसू शकते आणि इकडं येत नाही, एवढंच डोक्यात. फातिमाच्या त्या ताटानंतर राग कुठं गेला कळलं नाही. उरलं एवढंच, की तू परत का यावंस, याचं कारण मीच तुला दिलेलं नव्हतं. आता देते. माझं चुकलं. मी वळायला हवं होतं. शाळेतून कालच विचारणा झाली, ऑगस्टमध्ये दुसरी मुलगी पाठवू का. मी नाही म्हणून सांगितलं. खोली रिकामी ठेवलीय. कायमची ये असं म्हणत नाही, महिनाभर ये असंही नाही. या पोरी जातात तशी ये. शुक्रवारी संध्याकाळी, एक पिशवी पाठीला लावून, आणि रविवारी परत जा. मी थांब म्हणणार नाही, किती वर्षं झाली ते मोजणार नाही, पपांच्या थडग्यावरही तुला जायचं असेल तरच जाऊ. आणि या घरात पाय ठेववत नसेल तर तेही मला कळतं. मग ग्वायाकिलला उतर, कीटोला उतर, जिथं तुला सोसेल तिथं उतर. मला आता डोंगर ओलांडता येतो, बस बदलता येते, चुकीच्या गावी उतरले तरी घाबरत नाही. फक्त गाव आणि वार कळव. मी आदल्या दिवशीच येऊन बसेन.

तुझीच,
या खेपेला तुझ्याकडं तोंड करून उभी असलेली
आई